खंडेनवमीची सुरी आणि ती घडविणारे हात

आश्विन शुद्ध नवमी उजाडली की मराठवाड्यातील घरोघरी वळचणीला खोवलेल्या आणि कोठीत ठेवलेल्या लोखंडी वस्तू अंगणात येतात. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, कोयता, खुरपे, अडकित्ता, सुरी. आणि एखाद्या जुन्या घरी पूर्वजांनी जपून ठेवलेली कट्यार. राखेने घासून, धुऊन, पुसून ती पाटावर मांडावयाची, हळदकुंकू वाहावयाचे, झेंडूचे फूल ठेवावयाचे आणि हात जोडावयाचे, असा हा खंडेनवमीचा सोपा आणि सुंदर विधी आहे. ज्या साधनाने वर्षभर पोट भरले त्यास त्या दिवशी विश्रांती द्यावयाची, त्यास कामास लावावयाचे नाही, हा त्यामागील भाव. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. अज्ञातवासात शमीच्या झाडावर ठेवलेली शस्त्रे पांडवांनी पुन्हा हाती घेतली, त्याचे स्मरण करीत आपण सीमोल्लंघनास निघतो.

पूजेच्या पाटावरील या वस्तूंमध्ये एक वस्तू अशी आहे की, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे हाताने घडविलेली, न मिटणारी, एकसंध पात्याची सुरी. कोणे एके काळी ती शिकाऱ्याच्या कमरेला असे. आज ती शेतकऱ्याच्या हाती आणि गृहिणीच्या स्वयंपाकघरात आहे. आपण तिची पूजा करतो. परंतु ती कोणी घडविली, कशी घडविली, आणि ती घेताना आपण तिचे योग्य मोल दिले की नाही, हा प्रश्न पूजेच्या वेळी क्वचितच मनात येतो. आजच्या दिवशी त्याचा थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

बाजाराच्या कडेला पेटलेली भट्टी

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे १९९९ साली स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. भोवताली काळी कसदार जमीन, घरणी आणि मांजरा या नद्यांचे खोरे, आणि थोड्याच अंतरावर कर्नाटकाची सीमा. येथील शेतकऱ्याचे खरिपाचे मुख्य पीक आज सोयाबीन आहे, आणि सोयाबीनची कापणी नेमकी नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास येते. पाठोपाठ ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. म्हणजे विळा, कोयता आणि सुरी यांची पूजा आणि त्यांची निकड एकाच पंधरवड्यात येते. कापणी यंत्रे आली, तरी बांधाकडेचे आणि लहान तुकड्यातले पीक अद्याप विळ्यानेच निघते.

याच सुमारास अशा गावांच्या आठवडी बाजाराच्या कडेला, रस्त्यालगत, घिसाडी कुटुंबांची पाले पडतात. जमिनीत खळगा करून भट्टी पेटविलेली असते. पूर्वी तिला चामड्याचा भाता असे, आता बहुधा हाताने फिरवावयाचा पंखा असतो. मध्ये ऐरण रोवलेली. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड धरतो आणि त्याची घरधनीण दोन्ही हातांनी घण उचलून घाव घालते. घाव कोठे पडावा हे पुरुषाच्या हातातील लहान हातोडा सांगतो आणि त्या ठिकाणी घण अचूक उतरतो. पुढे फाटक्या गोणपाटावर तयार विळे, खुरपी, सुऱ्या, कुऱ्हाडी मांडलेल्या असतात.

गावचा लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याची अवजारे त्याने वर्षभर नीट करून द्यावीत आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर आपले धान्य न्यावे, अशी ती व्यवस्था होती. घिसाडी मात्र या बलुत्याच्या बाहेरचा. त्याला ना गावात वतन, ना खळ्यावर हक्क. तो आज या गावी, उद्या त्या गावी. माल विकेल तेव्हाच चूल पेटणार. महाराष्ट्र शासनाच्या यादीत ही जमात भटक्या जमातींत मोडते. अनेक घिसाडी कुटुंबे आपले मूळ राजस्थानाकडे सांगतात. तिकडच्या गाडोलिया लोहारांची कथा प्रसिद्धच आहे. १५६८ साली चितोडगड पडला तेव्हा, गड पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत घर बांधून राहणार नाही, अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरू यांच्या उपस्थितीत त्यांनी पुन्हा चितोडगडात प्रवेश केला. शपथ फिटली, पण सर्वांची भटकंती काही संपली नाही.

शिकाऱ्याच्या कमरेची सुरी

मिटणारा चाकू खिशात ठेवण्यास सोयीचा खरा. पण त्याच्या सांध्यात जोर कमी. रानात वावरणाऱ्यास असे पाते लागे की जे मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेले असेल, जे फांदी तोडताना वाकणार नाही, आणि ज्याच्या सांध्यात रक्तमाती अडकणार नाही. म्हणून शिकाऱ्याची सुरी न मिटणारी, चामड्याच्या म्यानात कमरेला लावलेली असे. देवाच्या कथेतही शिकार आहे. खंडोबा घोड्यावर बसून शिकारीस निघतो, असे वाघ्या-मुरळीच्या जागरणात सांगितले जाते, आणि त्याच्या हातातील खंडा तर त्याची खूणच ठरला. जेजुरीच्या गडावर दसऱ्यास सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा उचलून धरण्याचा थरार आजही भाविक पाहतात. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते. माहूरच्या रेणुकामातेचा पुत्र परशुराम. त्याच्या नावातच परशू आहे. शस्त्र आणि दैवत यांचा संबंध आपल्या भागास नवा नाही.

शिकार मात्र आता इतिहासजमा झाली आहे, आणि ते योग्यच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तिची बहुतेक दारे बंद केली. मराठवाड्याच्या माळावर बागडणारे काळवीट आज कायद्याच्या कडक संरक्षणाखाली आहे. सुरीस सांबराच्या शिंगाची मूठ बसविण्याची जुनी हौसही त्याच कायद्याने संपली. अशा शिंगाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. चांगल्या सुरीस आता शिसवाची अथवा बाभळीची मूठ शोभते.

शिकार गेली म्हणून सुरी गेली नाही. तिने काम बदलले. दोरखंड कापणे, उसाचे टिपरे सोलणे, जनावराच्या गळ्यात रुतलेले दावे तोडणे, फणस किंवा भोपळा चिरणे, नारळ सोलणे, ही तिची आजची कामे होत. खंडेनवमीस अनेक घरांत बळीच्या ऐवजी कोहळा कापण्याची चाल आहे, तीही याच सुरीने पार पडते. हिंसेचे साधन सेवेचे साधन झाले, हे परिवर्तन आपल्या धर्मभावनेस साजेसेच मानावयास हवे.

पोलादाचा जुना वारसा

ही कला बाहेरून आलेली नाही. नांदेडच्या पूर्वेस, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे आणि निर्मलच्या परिसरात शेकडो वर्षे उत्तम पोलाद तयार होत असे. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि वनस्पतीचा अंश घालून ती दीर्घकाळ तापवावयाची आणि सावकाश निवू द्यावयाची. त्यातून शेकडा सुमारे दीड भाग कार्बन असलेला पोलादाचा गोळा निघे. इराणातील व्यापारी तो विकत घेण्यास येत, आणि त्याच पोलादापासून पश्चिम आशियात घडलेल्या, पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेल्या तलवारी दमास्कसच्या नावाने जगभर गाजल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी या युरोपीय संशोधकाने कोनासमुद्रमला जाऊन ही रीत पाहिली आणि लिहून ठेवली. कानडी व तेलुगूत पोलादास ‘उक्कू’ म्हणतात. त्याच शब्दाचा अपभ्रंश होऊन युरोपात या पोलादास ‘वूट्झ’ हे नाव पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

गिरण्यांतून स्वस्त पोलाद येऊ लागले, रानातील कोळसा मिळेनासा झाला, आणि त्या मुशी थंडावल्या. आज बाजाराच्या कडेला बसणारा कारागीर मुशीतले पोलाद वापरीत नाही. तो मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा भंगारातून विकत घेतो. मात्र यात हलकेपणा मानण्याचे कारण नाही. कमानीच्या पोलादात शेकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक कार्बन असतो आणि ते पाणी उत्तम धरते. घर बांधावयाच्या सळईत तो त्याच्या निम्माही नसतो. तिची सुरी दिसावयास तशीच, पण धार दोन दिवसांत उतरते.

‘पाणी’ म्हणजे काय

‘पाणीदार’ हा शब्द आपण माणसालाही लावतो. त्याचे मूळ ऐरणीपाशी आहे. पाटा तापवून, ठोकून, पात्याचा आकार दिला की कारागीर ते पुन्हा भट्टीत घालतो. सुमारे आठशे अंश उष्णतेस पाते उगवत्या सूर्यासारखे तांबूस-केशरी होते. सातशे सत्तर अंशांच्या पुढे लोखंडास चुंबक धरीत नाही, हा विज्ञानाचा नियम. परंतु कारागिराजवळ चुंबक नसतो, उष्णतामापकही नसतो. असते ती केवळ नजर. म्हणूनच पाणी देण्याचे काम पुष्कळदा सांजवेळी किंवा सावलीत करतात. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग डोळ्यांस फसवितो. नेमका रंग दिसताच पाते तेलात किंवा पाण्यात बुडवावयाचे. क्षणात ते कठीण होते, पण त्याबरोबरच काचेसारखे ठिसूळही होते.

म्हणून दुसरा संस्कार करावा लागतो. पात्याचा एक भाग घासून उजळ करून ते पुन्हा मंद आचेवर धरतात. सव्वादोनशे अंशांच्या सुमारास त्यावर गव्हाच्या काडीचा पिवळा रंग उमटतो, पुढे तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. सुरीच्या धारेस पिवळा, कुऱ्हाडीसारख्या घाव सोसणाऱ्या अवजारास जांभळा किंवा निळा, असा हिशेब. रंग एक पायरी पुढे गेला की धार मऊ पडते. अलीकडेच थांबला तर पाते तुटते. हे सारे शिक्षण पुस्तकातून नव्हे, तर आईबापांच्या शेजारी भट्टीपाशी बसून होते. चार-सहा क्षणांत होणारी ही पारख कारागिराच्या आयुष्याची कमाई असते. सुरी विकत घेताना आपण लोखंडाचे वजन पाहतो. मोल खरे द्यावयाचे ते या पारखीचे.

घेणाऱ्याने काय पाहावे

हाताने घडविलेली सुरी घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुरी डोळ्यांसमोर सरळ धरून पाठीच्या बाजूने पाहावी. पाते सरळ रेषेत असावे. मूठ धरून पात्याच्या पाठीवर नखाने किंवा नाण्याने टिचकी मारावी. आवाज खणखणीत यावा, बद्द आवाज आल्यास कोठेतरी तडा किंवा सैल रिपीट असण्याचा संभव असतो. धारेलगत केसासारख्या रेघा आहेत काय ते उजेडात पाहावे. जुनी कानस धारेवर हलकेच फिरविली असता ती निसटावी. सहज चावली तर पाण्यात उणीव आहे. पात्याचे लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असल्यास उत्तम. दगडी चाकावर धार लावताना धारेपाशी निळा डाग पडला असेल तर तेथील पाणी उतरले असे समजावे.

आणि विकणाऱ्याचा धर्म कोणता? सळईची सुरी पाट्याची म्हणून न विकणे, तडा दिसताच ते पाते पुन्हा भट्टीत घालणे, आणि विकलेल्या सुरीची मूठ सैल झाल्यास ती पुढच्या बाजारी नीट करून देणे. भटक्या कारागिरास दुकानाची पाटी नसते. पुढच्या वर्षी त्याच गावात पाल ठोकावयाचे तर मालाची सचोटी हीच त्याची पाटी.

या सौद्यात एक दुखरी जागा आहे. कारखान्यात साच्यातून निघालेली, चकचकीत, न गंजणारी सुरी दुकानात छापील किमतीस मिळते आणि आपण ती निमूटपणे घेतो. पालासमोर मात्र आपण पाच-दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. नऊ दिवस ज्या देवीची आपण आराधना केली तिच्या हाती शस्त्रे आहेत. आणि तिच्याच नवमीच्या पूजेसाठी सुरी घडविणारी, तान्हे मूल झोळीत टाकून घण मारणारी स्त्री रस्त्याच्या धुळीत बसलेली असते. एकीची ओटी भरावयाची आणि दुसरीच्या घामाचे मोल पाडावयाचे, हे आपल्या धर्मात बसत नाही.

शनिवारी लोखंड घरात आणू नये असा समज पुष्कळ घरांत आहे. तो ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे पाळावा. पण तो पाळणाऱ्याने इतर दिवशी आठवणीने कारागिराकडे जावे, म्हणजे श्रद्धाही राहील आणि त्याची चूलही पेटेल.

कायद्याची मर्यादा

शस्त्रपूजा ही शस्त्राच्या संयमाची पूजा आहे, हे सणाच्या उत्साहात विसरता कामा नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याने घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारे वेगळी मानली आहेत. विळा-कोयत्यास परवाना लागत नाही. परंतु शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसलेल्या सुऱ्यांची गणना तलवार, खंजीर यांच्यासोबत शस्त्रांत केलेली आहे. शिवाय सणासुदीच्या काळात पोलीस अधिकारी १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्यास बंदी घालीत असतात. तेव्हा घेताना कामापुरती सुरी घ्यावी, पूजा घरातच करावी, आणि मिरवणुकीत पाते नाचविण्याचा मोह टाळावा.

या संयमाचा एक थोर आदर्श आपल्या शेजारीच आहे. गुरु गोविंदसिंहजी १७०८ साली नांदेड येथे गोदातीरी ज्योतीत विलीन झाले. महाराजा रणजितसिंह यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविलेला सचखंड श्री हजूर साहिब हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. तेथे गुरूंची शस्त्रे श्रद्धेने जतन केलेली आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास गोदावरीचे पाणी आणून होणाऱ्या तख्तस्नानाच्या वेळी ती स्वच्छ केली जातात. गुरुद्वाराभोवतीच्या दुकानांत कृपाण विकत घेण्यासाठी देशोदेशींचे भाविक येतात. भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने कृपाण धारण करणे हे शीख धर्मपालनाचा भाग मानले आहे. ते पाते दुर्बळाच्या रक्षणाची आठवण म्हणून जवळ बाळगावयाचे असते. सुरी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हा भाव ध्यानी घ्यावा.

पूजेनंतर

पूजा झाल्यावर सुरीची निगा राखणे हाही पूजेचाच भाग होय. हळदकुंकवाचा ओलावा आणि कापलेल्या लिंबाचा रस पात्यावर तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी तांबेरा दिसू लागतो. म्हणून पूजा उतरविताच पाते कोरड्या फडक्याने पुसावे, करडईच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाचे बोट फिरवावे. चामड्याचे म्यान ओल धरते. पुष्कळ दिवस सुरी त्यात ठेवू नये. नीट राखलेली अशी सुरी नातवाच्या हाती जाते. धार गेली तर ती फेकावी लागत नाही. पाल पडले की पुन्हा पाजळून घेता येते.

अशी पाले मात्र वर्षागणिक विरळ होत आहेत. भंगार महागले, कोळसा मिळेनासा झाला, मुलांस शाळेत घालावयाचे तर एका गावी राहणे भाग, आणि एका गावी राहिले तर गिऱ्हाईक पुरत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. तीत अठरा पारंपरिक व्यवसाय असून लोहार आणि शस्त्रे घडविणारे कारागीर यांचा त्यांत समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रूपरेषा. ज्याचे गाव दर पंधरवड्यास बदलते त्याच्यासाठी अर्ज आणि कागदपत्रे हाच मोठा डोंगर असतो. गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने पालापाशी बसून तो अर्ज भरून दिला, तर दसऱ्याच्या सोन्याइतकेच त्याचे मोल होईल.

तेव्हा यंदा खंडेनवमीच्या आधी बाजारास जाल तेव्हा एक सुरी पालावरून घ्यावी. पारखून घ्यावी, सांगितलेली रास्त किंमत द्यावी, आणि जिच्या घणाखाली ती घडली त्या माउलीचे नाव विचारावे. पाटावर सुरी मांडून हात जोडाल तेव्हा देवीच्या नावापाठोपाठ ते नावही ओठांवर येऊ द्यावे.